तेंका कळता काय?

नोव्हेंबर आला की माझ्या दुकानात म्हाताऱ्या माणसांची ये-जा वाढते. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा कळवायचं, आणि त्यासाठी मालवणला जाऊन रांग लावण्यापेक्षा आचऱ्याच्या तिठ्यावर माझ्याकडे येऊन बोट टेकवलेलं बरं, असा सगळ्यांचा हिशेब. वरच्या वाडीतली एक काकी दरवर्षी येते. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर पेन्शन हिच्या नावावर झाली. तिच्या बोटांवर रेषा म्हणून फारशा उरलेल्या नाहीत. काजू फोडण्यात जन्म गेला आणि टरफलातलं तेल कातडी खात गेलं. मशीनला ती बोटं वाचता येत नाहीत. मग मी ओल्या फडक्याने बोट पुसते, परत टेकवते, अंगठा नाही तर तर्जनी, उजवा नाही तर डावा, आणि काकी तोवर दुकान न्याहाळत बसते. यंदा तिची नजर टेबलाखाली गेली. तिथे दोन सीपीयू शेजारी शेजारी घुं-घुं करत असतात, आणि बाजूच्या फळीवर माझ्या भावाचा कंपनीचा लॅपटॉप मिटून ठेवलेला असतो, पाठीत वायरी खुपसलेला. वर टेबलावर मात्र एकच स्क्रीन, एकच कीबोर्ड, एकच माऊस.

"इतके सगळे, आणि टीव्ही एकच?"

मी तिला मधली काळी डबी दाखवली, केव्हीएम स्विच म्हणतात ती. तिन्ही यंत्रं तिच्यातून त्या एकाच स्क्रीन-कीबोर्डला जोडलेली. स्क्रोल लॉकचं बटण दोनदा दाबलं. डबी पिंक करून वाजली, स्क्रीन क्षणभर काळी झाली, आणि कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका जाऊन तिथे टॅलीचं खातं आलं. परत दाबलं, पत्रिका परत. काकीला मजा वाटली. "बाकीचे बंद आसत?" तिने विचारलं. म्हटलं, नाय काकी, सगळे चालू आसत. त्यावर ती जरा थांबली, टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "मगे तेंका कळता काय, तू आता तेंच्याकडे बघणस नाय ता?"

"नाय, तेंका काय्येक कळाचा नाय," मी सांगून टाकलं. बोटांनी अखेर हात टेकले तेव्हा मोबाइलसमोर चेहरा धरून, पापण्या मिटून-उघडून काकी एकदाची जिवंत ठरली आणि कागदाची घडी कमरेला खोचून निघून गेली. मी दिलेलं उत्तर अर्धंमुर्धं आहे हे मला देतानाच ठाऊक होतं. पण पूर्ण उत्तर द्यायचं तर काकीची एसटी चुकली असती.

ती डबी भावाबरोबर आली. 2020च्या उन्हाळ्यात चाकरमानी गावाकडे येऊ लागले त्यात तोही पुण्याहून आला, शाळेतलं क्वारंटाइन उरकलं, आणि घरात नेटवर्क धड नाही म्हणून माझ्या दुकानातल्या अर्ध्या टेबलावर त्याने आपली कंपनी थाटली. टेबलावर आधीच माझी दोन यंत्रं होती. एक जुनं. त्यात लग्नपत्रिका, भजनी मंडळांची पत्रकं, रामनवमीच्या उत्सवाचे कार्यक्रम, उत्तरकार्याची कार्डं असं गावाचं सगळं छापील आयुष्य साठलेलं आहे. त्यातला डीटीपीचा प्रोग्राम सीपीयूच्या मागे लावलेल्या एका ठोकळ्यावर चालतो; आम्ही त्याला लॉकच म्हणतो. ते लॉक ज्या रुंद पॅरलल पोर्टला बसतं तो पोर्ट नव्या कॉम्प्युटरला नसतोच, तेव्हा जुनं यंत्र टाकायचं म्हटलं तरी टाकता येत नाही. दुसरं टॅलीचं, आंबेवाल्यांचे आणि काजूवाल्यांचे हिशेब ठेवणारं. त्यात हा लॅपटॉप. शिवाय आंब्याचे दिवस. कोणी ना कोणी नमुन्याची पेटी टेबलावरच ठेवून जायचं, पेंढ्यासकट. कीबोर्डांवर कीबोर्ड रचलेले, माऊसच्या वायरी एकमेकींत अडकलेल्या, आणि या सगळ्याला पिकत्या हापूसचा वास. एका संध्याकाळी भावाने हे सगळं बघितलं, काही बोलला नाही, आणि काही दिवसांनी कुरियरने डबी आली.

तसा हा प्रकार मला अगदीच नवा नव्हता. दुकान माझ्याकडे आलं तेव्हा त्यात आधीच्या मालकाने लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक पत्र्याची पेटी होती. पुढे एक मूठ, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला बी. मूठ फिरवली की तारा इकडून सुटायच्या आणि तिकडे जुळायच्या, बाकी तिच्या पोटात काही नव्हतं. तेव्हाचे कीबोर्ड-माऊस गोल पिनांचे, जांभळा कीबोर्डचा, हिरवा माऊसचा, आणि चालू यंत्रातून ते काढायचे-घालायचे नसतातच. यंत्र सुरू होताना आधी कीबोर्ड जागेवर आहे का बघतं. तेव्हा मूठ दुसरीकडे असली की ते काळ्या पडद्यावर तक्रार लिहून बसायचं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. जो कीबोर्ड नाहीच, त्याच्यावरचं बटण दाबा! माऊसची तऱ्हा त्याहून न्यारी. चाकवाला माऊस आपली प्रत्येक हालचाल यंत्राला चार बाइटांत सांगतो. मूठ फिरवताना त्याची वीज क्षणभर तुटायची, परत जागा झाला की तो मूळच्या सवयीने तीनच बाइटांत सांगू लागायचा, आणि यंत्र मात्र चार मोजत राहायचं. मग बाण स्क्रीनभर उड्या मारायचा, मेनू आपोआप उघडायचे, फाइली भलतीकडे ओढल्या जायच्या. समोरचं गिऱ्हाईक गंभीरपणे विचारायचं, "ह्येका काय लागला?" आमच्याकडे 'लागणं' म्हणजे काय ते सांगायला नको. खरं तर निदान बरोबरच होतं. यंत्राला एकाएकी कळलं होतं की हात आपल्यावरून उठले, आणि ते बिथरलं होतं.

नवी डबी नुसत्या तारा तोडत-जोडत नाही, ती स्वतःच मध्ये उभी राहते. माझा कीबोर्ड फक्त डबीला जोडलेला. तिन्ही यंत्रांसमोर ती स्वतःच कीबोर्ड म्हणून आणि माऊस म्हणून उभी असते, आणि ज्याच्याकडे मी असते त्याला माझी बोटं पोचवते. उरलेल्या दोघांना ती सांगत राहते की कीबोर्ड आहे, माऊस आहे, सध्या कोणी काही दाबत नाहीये इतकंच. कॅप्स लॉक कुठे चालू होता, नम लॉक कुठे बंद होता, हे ती प्रत्येकाचं वेगवेगळं लक्षात ठेवते. परत जावं तर कीबोर्डवरचे दिवे जसे सोडले तसे. स्क्रीनचंही तेच. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात 128 बाइटांचं एक टिपण असतं: बनवला कोणी, कोणत्या वर्षी, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, कोणतं रेझोल्यूशन झेपतं. कॉम्प्युटर ते वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र धाडतो. चांगली डबी ते टिपण उतरवून घेते आणि स्क्रीन दुसरीकडे गेलेली असतानाही ज्याला हवं त्याला वाचून दाखवते. स्वस्तातली दाखवत नाही. मग तुम्ही पाठ फिरवलीत की यंत्राला वाटतं मॉनिटरच गेला, आणि परत यावं तर सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात ढकललेल्या, अक्षरं फुगून ढोबळ झालेली. भावाला हे सगळं इम्युलेशन वगैरे नावांनी ठाऊक आहे. मी जे समजले ते साध्या मराठीत असं:

माझ्या टेबलावर बसून ती डबी दिवसभर खोटं बोलत असते.

आणि त्या खोट्यावर तीन यंत्रं सुखाने चालतात. हे लक्षात आल्यापासून मला ती डबी थोडी आपल्यातली वाटू लागली. दुपारी जेवणानंतर आई दुकानात येऊन बसते. पंखा घरीही आहे, पण घरी बोलायला कोणी नाही. ती बोलत असते: कोणाच्या मुलीला कणकवलीचं स्थळ आलंय, बांगड्याचा वाटा कितीला झालाय, कोणाच्या घरात सामाईक जमिनीवरून परत तंटा लागलाय. मी टाइप करत असते आणि योग्य ठिकाणी 'हूं' म्हणत असते. हे 'हूं' माझं सरावाचं झालं आहे. वाक्य कुठे संपलं ते कान आपोआप ओळखतात, डोक्याला कळवायची गरज नसते. कीबोर्ड आहे, माऊस आहे, कोणी काही दाबत नाहीये. आई यंत्रांपेक्षा हुशार म्हणून मध्येच थांबते आणि म्हणते, "मी आता काय सांगलंय, सांग." मग मात्र माझ्या सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात ढकललेल्या असतात. गंमत म्हणजे ती रागावत नाही. परत पहिल्यापासून सांगते. कधीकधी मला शंका येते की तिलाही ते 'हूं'च पुरेसं आहे, मधूनमधून फक्त तार तपासून बघते. असं असेल तर मला बरं वाटायला हवं की वाईट, हे अजून ठरत नाही.

काकीला मी म्हटलं की यंत्रांना काही कळत नाही. तिघांपैकी एकाला कळतं. भावाचा लॅपटॉप. त्याच्या कंपनीची ताकीद अशी की कीबोर्ड जोडलेला असून भागत नाही, त्यावर काहीतरी दाबलं जायला हवं. काही वेळ कोणी हात लावला नाही की तो स्वतःला कुलूप घालून घेतो. त्याच्या टीम्समधला, म्हणजे ऑफिसच्या चॅटमधला, हिरवा ठिपका पिवळा होतो, आणि हैदराबादेत बसलेल्या त्याच्या साहेबाला कळतं की आचऱ्यातला माणूस जागेवर नाही. माणूस जागेवरच असतो. डबीचं बटण माझ्याकडे वळवून मी एखादं चलन भरत असते आणि तो शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत असतो. डबी बिचारी प्रामाणिकपणे सांगत असते की कीबोर्ड आहे, पण ती बोटं कुठून आणणार? त्याच्या एका सहकाऱ्याने म्हणे एक छोटं यंत्र विकत घेतलंय. त्यावर माऊस ठेवायचा, ते त्याला अधूनमधून हलवत राहतं. भावाने मला हे हसत सांगितलं. मला त्या दिवशी नेमकी काकी आठवली, मोबाइलसमोर पापण्या मिचकावणारी. तिला जिवंत असून ते पटवून द्यावं लागतं, आणि तिकडे नसलेला माणूस पैसे मोजून माऊस हलवतो आहे.

मला स्वतःला मात्र यंत्रांपेक्षा आपल्या हातांचं नवल जास्त. कारण कीबोर्ड एक असला तरी माझी मराठी दोन ठिकाणी दोन आहे. मी टायपिंग शिकले मालवणात, खऱ्याखुऱ्या टाइपरायटरवर, मराठी थर्टी. पावसाळ्यात रिबन ओली होऊन अक्षरं फुटायची आणि सर म्हणायचे, हवा लिहितेय, तुम्ही नाही. ती टाइपरायटरची मांडणी बोटांत बसली ती बसली. जुन्या यंत्रावरच्या कृतिदेव फॉन्टला तीच लागते. टॅलीच्या यंत्रावर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारी मराठी, आणि तिथे इन्स्क्रिप्ट नावाची वेगळी मांडणी. म्हणजे स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की बटणं तीच राहतात आणि त्यांच्याखालची अक्षरं बदलतात. जुन्यावर 'राम' लिहायचं तर जे, के, ई. नव्यावर जे, ई, सी. जुन्याची बोटं घेऊन नव्यावर गेलं तर उमटतं 'रका', आणि नव्याची घेऊन जुन्यावर आलं तर 'रमब'. जुनी फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली तर राम जाऊन नुसती इंग्रजी जे-के-ई दिसतात, कारण कृतिदेवमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर आपल्या अक्षरांची चित्रं बसवलेली आहेत. पहिली वेलांटी जुन्यावर अक्षराच्या आधी दाबायची, कागदावर काढतो तशी. नव्यावर अक्षरानंतर, उच्चारतो तशी. मला कोणी विचारलं की कोणतं बटण कुठे, तर एकही सांगता येणार नाही. डबी वाजते आणि हात आपणहून दुसरे होतात. त्या पिंक आवाजावर ते होतं की स्क्रीन काळी होते त्या क्षणात, हे मी पकडायचा प्रयत्न करून बघितला. लक्ष दिलं की हात अडखळतात, म्हणून सोडून दिला.

पण एक गोष्ट हाती लागली. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर बारीकसा उंचवटा असतो, न बघता बोटं जागेवर आणता यावीत म्हणून. अंधारात चाचपून बघा, मिळेल. या दोन बटणांवर दोन्ही मांडण्यांत तेच आहे: एफवर पहिली वेलांटी आणि जेवर र. एसवरची मात्राही तीच, पण तिला उंचवटा नाही. म्हणजे 'रि' हे अक्षर माझ्या दोन्ही मराठींत त्याच दोन उंचवट्यांवर उमटतं, फक्त क्रम उलटा. जीएसटी रिटर्नमधला रि. योगायोग असेल. मी त्याचं फार काही करू शकत नाही, पण रिटर्न भरताना दरवेळी थोडं बरं वाटतं, आणि रिटर्न भरताना बरं वाटावं असं दुसरं काही असत नाही.

खाऱ्या हवेचं काय सांगायचं. किनाऱ्यावर वायर विकत घेतली की तिचं वय मोजायला सुरुवात करायची. जुन्या यंत्राची व्हीजीएची वायर, पंधरा पिनांची, त्यातली पहिली पिन लाल रंगाची. एका पावसाळ्यात ती हिरवट गंजली आणि स्क्रीनवरून लाल रंगच गेला. पत्रिकेवरचा शेंदरी गणपती निळसर-हिरवा झाला, कुंकवाचा ठिपका काळपट, आणि नवऱ्या मुलाचे वडील स्क्रीनकडे बघून म्हणाले, हे असंच छापून येणार काय. स्पिरिटचा बोळा पिनांवर फिरवला, दोनदा काढून घातली, लाल परत आला. मेच्या शेवटी वळीव गडगडू लागला की आम्ही सगळ्या वायरी काढूनच ठेवतो. वीज कोणत्या वायरीतून घरात शिरेल याचा नेम नाही, आणि एकाच डबीत तिन्ही यंत्रं जोडलेली म्हणजे शिरली तर तिघांच्याही गळ्यापर्यंत. 2021च्या मेमध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा तर कितीतरी दिवस वीजच नव्हती. माड आडवे, खांब आडवे, आणि दुकानात इतकी शांतता की टेबलाखाली काही घुं-घुं करत नाही याचाच आवाज यायचा.

भावाला डबी आता जुनाट वाटते. त्याच्या मते हे काम सॉफ्टवेअरने करायचं. 2001 पासून सिनर्जी नावाचा प्रोग्राम आहे, मायक्रोसॉफ्टवाल्यांचा 2011 सालचा माऊस विदाउट बॉर्डर्स आहे, आणि अ‍ॅपलने 2022 मध्ये मॅक आणि आयपॅडमध्ये तशीच सोय करून दिली. त्यात प्रत्येक यंत्राला आपापली स्क्रीन, कीबोर्ड-माऊस तेवढा एक. बाण एका स्क्रीनच्या काठापर्यंत नेऊन पुढे ढकलायचा, तो शेजारच्या यंत्रात निघतो. पुण्यात मित्राकडे त्याने मला दाखवलंही. बाण काठाशी जातो, नाहीसा होतो, आणि पलीकडच्या पडद्यावर काहीच न घडल्यासारखा चालत येतो. बघायला छान. पण माझ्या टेबलावर तीन स्क्रीन मावायच्या कुठे? शिवाय विंडोज सुरू व्हायच्या आधी त्याचा उपयोग नाही, आणि माझं जुनं यंत्र विंडोज सुरू व्हायच्या आधीच जास्त कटकट करतं. आणि त्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर साधा फॉन्ट टाकायची परवानगी नाही, तिथे दुसऱ्या यंत्राचा माऊस आत घेणारा प्रोग्राम कोण टाकू देणार. डबीला कोणाची परवानगी लागली नाही. लॅपटॉपला ती साधा कीबोर्डच वाटते.

आता गावपळणीचं सांगते, कारण डबीचा विषय माझ्या डोक्यात तिथे जाऊनच गुंततो. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं आचरं गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. त्यावर बातम्या येतात, कॅमेरे येतात, श्रद्धा की अंधश्रद्धा असे वाद होतात, त्यात मला पडायचं नाही. मला आवडते ती रात्र. चिंदरच्या बाजूला माळावर झावळ्यांच्या आणि ताडपत्रीच्या राहुट्या, मार्गशीर्षातली थंडी, चुलीचा धूर, पायात घुटमळणारी गोंधळलेली कुत्री, वर्षभर एकमेकांशी न बोलणारे भावकीतले लोक एकाच शेकोटीला. आणि मधूनच कोणीतरी गावाच्या दिशेने बघतं. तिकडे एकही दिवा नाही. आपलं घर आपल्याशिवाय आत्ता कसं असेल, हा विचार सगळे करत असतात आणि मोठ्याने कोणी बोलत नाही. एरवी आपण दोन दिवस जरी बाहेर गेलो तरी शेजारणीला सांगतो, तुळशीला पाणी घाल, बाहेरची लाइट लाव. म्हणजे घरात माणूस आहे असं वाटावं. गावपळणीला शेजारीणही बाहेर. कोणी कोणाच्या वतीने असायचं नाही. नाही म्हणजे नाही, आणि घराला, वाटेला, देवाला, सगळ्यांना ते कळू द्यायचं.

मागच्या पळणीला भाऊ लॅपटॉप घेऊन आला होता, कारण कंपनी काही रामेश्वराचा कौल मानत नाही. आंब्याच्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप, मोबाइलवरून नेट, हिरवा ठिपका हिरवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एका काजूवाल्याचा मुंबईहून फोन आला. बँकेत द्यायला मागच्या वर्षीचा ताळेबंद हवा, आजच हवा, आणि ताळेबंद टॅलीच्या यंत्रात, यंत्र दुकानात, दुकान वेशीच्या आत. भाऊ म्हणाला, त्यात काय, एनीडेस्कवरून इथूनच उघडतो, दोन मिनिटांत फाइल धाडतो. खरंही होतं. कीबोर्ड इथे, स्क्रीन इथे, यंत्र तिथे. डबी जे दोन फुटांत करते तेच दोन किलोमीटरांत. त्याने लॅपटॉप मांडीवर ओढला, आणि भाकऱ्या थापता थापता आई म्हणाली, "काय करतस?"

त्याने समजावून सांगितलं. आईने पीठ लागलेला हात तसाच अधांतरी ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"शिवेभायर इलंव ता कित्याक? हंयसून परत घरात वाकान बघूक?"

"आये, मी खंय जातंय? मी हंयच आसंय. कर्सर जातलो."

"कर्सर कोणाचो?"

"माझो."

"मगे?"

भाऊ शिकलेला आहे, त्याने सोडलं नाही. पाय शिवेच्या आत पडला तर नियम मोडला, बाण म्हणजे काही पाय नव्हे. तिथे दिवा लागणार नाही, आवाज होणार नाही, स्क्रीनसुद्धा बंदच राहील. थंय कोण बघता? आई म्हणाली, ताच सांगतंय, थंय कोणी बघूचा न्हय म्हणानच इलंव. कोंबडे सुदीक भायर हाडलंव आणि तू बाण धाडतस घरात? शेजारच्या राहुटीतले एक मास्तर, निवृत्त झालेले, भावाच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं, मग मोबाइलही बंद करा, तोही टॉवरवरून गावात जाऊन येतो. मास्तरांची बायको आईच्या बाजूने. मास्तरांच्या सुनेला दोघांचंही पटत होतं आणि तिने ते बोलूनही दाखवलं, त्यामुळे दोघंही तिच्यावर घसरले. बघता बघता शेकोटीभोवतीची अर्धी माणसं कर्सर वेशीच्या आत जातो की नाही यावर बोलू लागली. एका म्हाताऱ्याने बाण म्हणजे काय ते आधी नीट विचारून घेतलं आणि मग देवाला परत कौल लावा असा सल्ला दिला.

मी काजूवाल्याला फोन लावून सांगितलं की ताळेबंद गाव भरल्यावर मिळेल. दुकानातून निघताना मेन स्विचच खाली ओढून आले होते, दुकानातली दोन्ही यंत्रं आणि डबी त्यातच आली, तेव्हा भावाने कितीही बटणं दाबली असती तरी तिकडून काही उत्तर येणार नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. वाद चांगला रंगला होता, आणि आईच्या भाकऱ्या अजून व्हायच्या होत्या.